गुडघाभर चिखल आणि एक डिग्री

‘फिशरीज? म्हणजे एवढं शिकून मासे विकणार का?’

गेल्या सात वर्षांत हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय, की आता मी सरळ ‘हो’ म्हणून मोकळी होते. शेजारच्या काकू, शाळेतले मित्र, स्थळांकडची मंडळी, सगळ्यांचा प्रश्न तोच. डोंबिवलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये बारावी सायन्सनंतर दोनच रस्ते असतात, इंजिनीअरिंग नाहीतर मेडिकल. दोन्ही नाही जमलं तर बी.एस्सी. आणि वर एमबीएचा मुलामा. ‘मत्स्यशास्त्र’ हा शब्द बाबांनी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा त्यांना वाटलं मी ज्योतिषातलं काहीतरी बोलतेय!

तर आधी ओळख करून देते. खाडीत आणि समुद्रात शेती कशी करायची आणि ती करताना खाडीचं वाटोळं कसं होऊ द्यायचं नाही, हा माझा विषय. तुमचं ऑफिस बीकेसीत असेल, हिंजवडीत असेल, नाहीतर ऐरोलीच्या आयटी पार्कात. माझं ऑफिस दिवसातून दोनदा पाण्याखाली जातं. तिथे पोचायची वेळ एचआर ठरवत नाही, चंद्र ठरवतो. लेट मार्क तिथेही लागतो. फक्त तो कमरेपर्यंत ओला असतो.

या ऑफिसच्या तीन शाखा आहेत. रत्नागिरी, वर्सोवा आणि सिंधुदुर्गातली एक खाडी. तिन्ही ठिकाणी तुम्ही सुट्टीत कधी ना कधी जाऊन आला असाल. पण फोटो काढून परत फिरलात, की मागे तिथे काय चालतं, ते आज सांगते.

शिरगाव : तिथीची पाऊणपट

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा रस्ता तुम्हाला माहीत असेल. आरे-वारेचा तो सुप्रसिद्ध वळणाचा उतार, खाली निळंशार पाणी, आणि तिथे सेल्फीसाठी थांबलेल्या गाड्यांची रांग. त्याच्या बऱ्याच अलीकडे, रत्नागिरी शहर सोडल्यासोडल्या शिरगाव लागतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय इथे आहे, १९८१ पासून. चार वर्षांचा बी.एफ.एस्सी.चा कोर्स मी इथे केला.

पहिल्याच महिन्यात एक शोध लागला. मला ताटातले मासे ओळखता येतात, पाण्यातले नाही! मंडईत तुकड्या केलेली सुरमई ओळखणं वेगळं आणि पर मोजून, खवल्यांची रांग मोजून, जबडा उघडून ‘हा कोण?’ सांगणं वेगळं. प्रॅक्टिकलच्या ट्रेमध्ये मासा, हातात चिमटा, आणि हॉस्टेलवर परतल्यावर तीनदा साबण लावूनही न जाणारा वास. त्या वासाची सवय झाली, की पहिलं सेमिस्टर पास झालात असं समजायचं.

खरा अभ्यास मात्र वर्गाबाहेरचा. भरती-ओहोटीचं गणित मला कुठल्या पुस्तकाने नाही, कॉलेजातल्या एका शिपाईकाकांनी शिकवलं. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. आज अष्टमी? आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, मग दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा येतो, म्हणून ही ‘तिथीची पाऊणपट’. किनाऱ्यावर जागेनुसार थोडंफार पुढेमागे होतं, पण मोबाइलला रेंज नसलेल्या खाडीत हा फंडा सॉलिड चालतो. तुम्हीही करून बघा. कॅलेंडरवर तिथी असतेच.

अमावास्या-पौर्णिमेला उधाणाचं पाणी. ते जेवढं वर चढतं, तेवढंच ओहोटीला लांब आत जातं. त्या दिवसांत भाट्याच्या खाडीत बघा. उघड्या पडलेल्या चिखलात आणि खडकांवर बायका वाकलेल्या दिसतात. कुणी मुळे काढतंय, कुणी छोट्या कोयतीने खडकावरची कालवं फोडतंय. दोन-अडीच तासांची शिफ्ट, मग पाणी परत येतं आणि ऑफिस बंद.

आमच्या सरांनी एकदा सगळ्या वर्गाला अशाच ओहोटीला खडकासमोर उभं केलं आणि म्हणाले, ‘ही एक बिल्डिंग आहे असं समजा. कोण कुठल्या मजल्यावर राहतं ते लिहा.’ सगळ्यात वर, जिथे पाणी जेमतेम पोचतं, तिथे बारीक गोगलगायी. त्याखाली पाय कापणारी, पांढरी, खडकाला चिकटलेली बार्नेकल्स. त्याखाली कालवं. आणखी खाली, बराच वेळ पाण्यात राहणाऱ्या भागात शिनाणे, म्हणजे हिरवट कडेच्या लांबट शिंपल्या. ज्याला जितका वेळ उन्हात तग धरता येतो, तितका वरचा मजला. ज्याला शत्रूपासून पळायचंय, तोही वरच. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आपल्याला हेच करायचंय. मासे विकणं नाही आणि नुसतं खाणंही नाही. कोण कुठे राहतं आणि का, हे शोधायचंय.

वर्सोवा : यारी रोडच्या टोकाला

पदव्युत्तर शिक्षणासाठी मी परत मुंबईत आले. वर्सोव्याला शूटिंगचे स्टार आणि कॅफे असतात, हे तुम्हाला माहीत आहे. पण यारी रोडच्या टोकाला, पंच मार्गावर केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, हे अंधेरीत दहा वर्षं राहिलेल्यांनाही ठाऊक नसतं. रिक्षावाल्याला ‘सीआयएफई’ सांगितलं तर तो डोकं खाजवतो. ‘फिशरी कॉलेज’ म्हटलं की लगेच मीटर टाकतो! संस्था १९६१ ची. १९८९ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. हॉस्टेलवर बिहार, मणिपूर, केरळ, बंगाल, ओडिशा, सगळा देश. मेसमध्ये रोज वाद एकच, मासा मोहरीत चांगला की खोबऱ्यात. भारतभरच्या माशांचं हे संमेलन इथे भरतं.

बाहेर पडलं की एका बाजूला वर्सोवा कोळीवाडा, जाळी वाळत घातलेली, बोंबील दोरीवर. दुसऱ्या बाजूला चौपाटी. २०१५ मध्ये अफरोज शहा या वकिलाने ती साफ करायला घेतली आणि माणसं जोडत गेली. २०१८ मध्ये याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात गेली. आणि शेजारच्या खाडीत मात्र शहराचं सांडपाणी. चांगलं आणि वाईट, दोन्ही उदाहरणं चालत जाण्याच्या अंतरावर. अभ्यासाला याहून बरी जागा कुठली?

इथेच माझा विषय ठरला. एक आकडा सांगते. २०२२ मध्ये जगात पहिल्यांदाच पकडलेल्या जलचरांपेक्षा वाढवलेल्या जलचरांचं उत्पादन जास्त झालं. वाढवलेले ९ कोटी ४४ लाख टन, म्हणजे एकूण उत्पादनाच्या ५१ टक्के. जंगलातली शिकार सोडून माणूस शेतीला लागला, तसं आता पाण्यातही होतंय. मग शेतीचे जे प्रश्न, तेच इथेही.

आपल्याकडे त्याचं जुनं उदाहरण म्हणजे कोळंबी. १९९० च्या दशकात पूर्व किनाऱ्यावर आंध्र, तमिळनाडूत तळ्यांची लाट आली. मग व्हाइट स्पॉट नावाचा विषाणू आला आणि तळीच्या तळी बसली. आजूबाजूची शेतजमीन आणि विहिरी खारट झाल्याच्या तक्रारी कोर्टात गेल्या. डिसेंबर १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने किनारी पट्ट्यातल्या अशा तळ्यांवर कडक बंदी घातली. पुढे २००५ मध्ये किनारी मत्स्यशेतीचा स्वतंत्र कायदा आला, २००९ मध्ये अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या व्हॅनामी कोळंबीला नियमांसकट परवानगी मिळाली. आज तुमच्या पास्त्यात येणारी कोळंबी बहुधा हीच.

कोळंबी व्हिलन आहे असं मी म्हणत नाही. माझे अर्धे बॅचमेट त्या धंद्यात आहेत आणि चांगलं काम करतायत. पण आमच्या मॅडम कुठल्याही मत्स्यशेतीला तीन प्रश्न विचारायला लावायच्या. खायला काय घालता? घाण कुठे जाते? पिल्लं कुठून आणता? कोळंबीच्या खाद्यात मासळीचं पीठ लागतं, ते समुद्रातल्याच छोट्या मासळीचं होतं. म्हणजे एक मासा वाढवायला दुसरा मारायचा. तळ्यातलं पाणी बदललं की उरलेलं खाद्य आणि विष्ठा खाडीत.

आता हेच तीन प्रश्न शिनाण्यांना विचारा. खाद्य? शून्य. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव गाळून ते जगतात. एकेक शिनाणा तासाला काही लिटर पाणी गाळतो. घाण? थोडी असतेच, पण बाहेरून आणून टाकलेलं काही नाही. पिल्लं? खडकावर निसर्गतःच येतात, ती जपून काढायची. तिन्ही पेपरांत फर्स्ट क्लास! मी खूश होऊन हे वर्गात मांडलं, तर मॅडम म्हणाल्या, ‘छान. आता चौथा प्रश्न तू शोध.’

तो सापडला सिंधुदुर्गात.

खाडी : दोरीवरचं पीक

रात्रीची कोकणकन्या पकडायची, सकाळी कुडाळला उतरायचं, पुढे एसटी. मी ज्या खाडीवर एम.एफ.एस्सी.चं काम केलं, तिचं नाव इथे लिहीत नाही. पुढे वाचाल तेव्हा कारण कळेल.

सिंधुदुर्ग म्हणजे तुमच्या-आमच्यासाठी मालवणचा किल्ला, तारकर्ली आणि स्कूबा. त्याच मालवणच्या समुद्राचा २९.१२ चौरस किलोमीटरचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. २०११ नंतरच्या काही वर्षांत जिल्ह्यात किनारी जैवविविधतेचा मोठा प्रकल्प झाला, त्यातून बायकांच्या बचतगटांनी खेकडे, कालवं, शिनाणे वाढवून बघायला सुरुवात केली. २०१७ मध्ये राज्य सरकारची कांदळवनाजवळच्या गावांसाठी उपजीविकेची योजना आली. फंडा सरळ आहे. कांदळवन राखायचं असेल, तर त्याच्या शेजारी राहणाऱ्याला त्यातून दोन पैसे सुटले पाहिजेत.

माझ्या गटात नऊ काकी. वय पस्तीस ते पासष्ट. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी अंगणात दोऱ्या भरायचं काम चालू झालं. पद्धत इतकी साधी, की बघत राहावं. खडकावरून आणलेली बोटाच्या पेराएवढी शिनाण्यांची पिल्लं जाड दोरीभोवती ठेवायची आणि वरून सुती कापड गुंडाळून शिवून टाकायचं. नायलॉन नाही, सुतीच. कारण खाडीत ते चार-सहा दिवसांत कुजून गळतं. तोवर शिनाण्यांनी स्वतःचे धागे काढून दोरीला घट्ट मिठी मारलेली असते. खाडीत बांबू रोवून मांडव घातलेला, त्याला या दोऱ्या लटकवायच्या. पाच-सहा महिन्यांत पीक तयार. पण मेअखेर सगळं बाहेर आलंच पाहिजे. पाऊस पडला की नदीचं गोडं पाणी येतं, खाडीचा खारटपणा कोसळतो आणि शिनाणे मरतात. तुमचं मार्च एंडिंग, यांचं मे एंडिंग.

माझं काम पाण्याचं. दर पंधरा दिवसांनी होडीतून जाऊन क्षार मोजायचे, म्हणजे एका नळीसारख्या यंत्राच्या काचेवर थेंब ठेवून सूर्याकडे बघायचं. काळी-पांढरी तबकडी दोरीने सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते टिपायचं. ऑक्सिजनसाठी बाटली भरायची. आणि थोडे शिनाणे बर्फाच्या खोक्यात घालून रात्रीच्या गाडीने मुंबईच्या लॅबला न्यायचे. जंतूंची तपासणी चोवीस तासांच्या आत लागते. थर्माकोलचं खोकं सीटखाली ठेवलं की समोरचे काका हमखास विचारणार, ‘काय गो, पापलेट काय?’ लॅबसाठी आहेत म्हटलं की चेहरा पडतो.

काकींना आधी माझी गंमत वाटायची. ‘ह्या चेडू पाणी मोजता,’ असं म्हणून त्या हसायच्या. नंतर हळूहळू विचारायला लागल्या, आज किती आला?

जानेवारीच्या सुरुवातीला आकडा आला तो वाईट होता.

चौथा प्रश्न

जे जीव पाणी गाळून जगतात, ते पाण्यातलं सगळंच गाळतात. अन्न गाळतात तसे सांडपाण्यातले जंतूही. म्हणून युरोपात खाडीच्या पाण्यात वाढलेल्या शिंपल्यांच्या मांसात ई. कोलाय किती, हे बघून त्या त्या जागेचे अ, ब, क वर्ग पाडतात. अ वर्गातलं थेट विकता येतं, ब वर्गातलं आधी स्वच्छ पाण्यात ठेवून. ई. कोलाय म्हणजे पोटातला जंतू. तो शिनाण्यात सापडला, याचा अर्थ कुणाचं तरी संडासाचं पाणी खाडीत येतंय.

नोव्हेंबर-डिसेंबरातले माझे नमुने ठीक होते. नाताळ-थर्टीफर्स्टचा आठवडा झाला आणि आकडा कितीतरी पट वर. गावात तेव्हा एक खोली रिकामी नव्हती. मांडवाच्या वरच्या अंगाला, खाडीकाठी एक मोठं लॉज आहे. त्याची टाकी भरून वाहत होती, हे होडीतून जाताना डोळ्यांना दिसत होतं.

आता पेच बघा. मुंबईतल्या एका नावाजलेल्या रेस्टॉरंटचा खरेदीदार गटाकडे चौकशी करून गेला होता. भाव चांगला देणार होता. अट एकच, लॅबचा रिपोर्ट. आणि लॅबचा रिपोर्ट माझ्या बॅगेत. त्यात गटाची कमाई बुडणार हे स्पष्ट दिसत होतं. मॅडमना फोन केला. त्या दोनच वाक्यं बोलल्या. ‘आकडा बदलत नाही. पण आधी त्या बायकांना सांग, मग प्रबंधात लिही.’

त्या संध्याकाळी अंगणात नऊही जणी होत्या. मी सांगितलं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग एकीने विचारलं, ‘म्हणजे आमचे शिनाणे वायट?’

त्यावर सगळ्यात मोठ्या काकी म्हणाल्या, ‘शिनाणे वायट नायत. जा पाणी गावता, ताच ते पितत.’

माझा चौथा प्रश्न हाच होता. पाणी कुणाचं? कोळंबीवाला आपलं तळं बांधतो, पाणी बिघडलं तर औषध टाकतो, बदलतो. शिनाण्यांच्या शेतकऱ्याला तळंच नाही. अख्खी खाडी हेच त्याचं शेत आणि हेच त्याचं खाद्य. वरच्या अंगाला कुणीही काहीही सोडलं, तर पीक याचं जातं. आणि म्हणूनच खाडी स्वच्छ राहावी यासाठी रोज उठून भांडेल असा माणूस तिथे दुसरा कुणी नसतो. टुरिस्ट परत जातो, विद्यार्थी डिग्री घेऊन जातो. दोरी लटकवलेली बाई तिथेच असते.

सोपं मात्र काही नव्हतं. लॉजचा मालक गटातल्याच एका काकींचा भाचा. गावातल्या तीन पोरांना त्याच्याकडे नोकरी. ‘कागद दी माका,’ मोठ्या काकी म्हणाल्या, ‘ग्रामसभेत मीच बोलतंय.’ मी आकड्यांचा साधा तक्ता मराठीत काढून दिला. पंधरा-पंधरा दिवसांचे उभे खांब, नाताळनंतरचा खांब उंच. लॉजचं नाव कुठेही घातलं नाही.

२६ जानेवारीची ग्रामसभा. मी मागे बसले होते. काकींनी तक्ता सगळ्यांना दाखवला आणि शांतपणे सांगितलं की ह्या पाण्यार आमचा पोट आसा. भाचा उठला. म्हणाला, खाडीत काय माझंच पाणी जातं का? काठच्या निम्म्या घरांचं जातं. आणि त्याचं म्हणणं खरं होतं! थोडी आरडाओरड झाली, जुनी भांडणं निघाली, एका आजोबांनी विषय रस्त्याच्या डांबरीकरणाकडे नेला. तासाभराने ठरलं ते असं. काठच्या घरांनी शोषखड्डे घ्यायचे, लॉजने टाकी उपसून तिचं बाहेर जाणारं पाणी खाडीपासून वळवायचं, आणि गटाने पुढचा मांडव खाडीच्या मुखाकडे न्यायचा. तिथे भरती-ओहोटीने पाणी जास्त वेगाने बदलतं.

सिनेमा असता तर पुढच्या सीनला सगळं चकाचक झालं असतं. तसं झालं नाही. काही घरांनी खड्डे घेतले, काहींनी नाही. लॉजने टाकी उपसली, वळवायचं काम मार्चपर्यंत रेंगाळलं. नऊ काकींनी मात्र दोन भांगांच्या ओहोट्या साधून दोऱ्या मुखाकडे हलवल्या. एप्रिलचे नमुने बरेच खाली आले. तोवर रेस्टॉरंटवाल्याने दुसरीकडून माल घेतला होता. पीक स्थानिक खानावळींत आणि बाजारात गेलं, ठरलेल्यापेक्षा कमी भावाने. काकींनी हिशेब केला, खर्च सुटून थोडं उरलं. ‘पुढल्या वर्सा बघूया,’ एवढंच त्या म्हणाल्या.

बाबा आणि ऑफर लेटर

त्याच मेमध्ये मला नोकरीची ऑफर आली. पूर्व किनाऱ्यावरची कोळंबीखाद्याची कंपनी, पगार माझ्या इंजिनीअर मावसभावाच्या तोंडात मारणारा. दुसऱ्या बाजूला पीएच.डी. म्हणजे फेलोशिपवर आणखी चार वर्षं आणि नोकरीची हमी नाही. विषय माझ्या डोक्यात पक्का झाला होता. शिनाण्यांना एक-दोन दिवस स्वच्छ, निर्जंतुक खाऱ्या पाण्यात ठेवलं की ते पोटातले बरेचसे जंतू बाहेर टाकतात. जगभर अशा टाक्या आहेत, पण मोठ्या आणि महागड्या. बचतगटाला परवडेल, गावच्या विजेवर चालेल, अशी छोटी टाकी करता येईल का? तीही सगळं काही काढत नाही. जड धातू तशा जात नाहीत, काही विषाणूही चिवट असतात. म्हणजे टाकी आली तरी खाडी स्वच्छ ठेवावी लागणारच. दोन्ही एकत्र कसं करायचं, हा प्रश्न.

बाबा बँकेतून रिटायर झालेले. त्यांनी फक्त विचारलं, ‘मला एकदा दाखव तरी.’ मी त्यांना घेऊन गेले. चिखलात ते उतरले नाहीत, काठावर खुर्ची टाकून बसले. दुपारी त्यांच्या हाती गटाची हिशेबाची वही लागली आणि मग काय! दोरीचा खर्च, होडीचं भाडं, कुणाचे किती तास, सगळं त्यांनी काकींबरोबर बसून वेगळ्या रकान्यांत मांडलं. परतीच्या गाडीत पनवेलपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, ‘धंदा बरोबर आहे त्यांचा. फक्त पाणी त्यांच्या हातात नाही.’ थोड्या वेळाने, ‘चार वर्षं म्हणालीस ना? बघू.’

ऑफर लेटरला मी नम्रपणे नाही कळवलं. मोठा त्याग वगैरे काही नाही. खडकासमोर उभी असताना पडलेल्या प्रश्नाचं उत्तर मला अजून हवंय, आणि ते त्या खाडीत आहे. डिसेंबरात पुन्हा दोऱ्या भरायच्या आहेत. काकींनी माझ्यासाठी सुई आणि कापड बाजूला ठेवलंय.

तुमच्याकडून एकच हवंय. पुढच्या वेळी कुठल्याही हॉटेलात मेन्यूवर कालवं, तिसऱ्या, शिनाणे दिसले, की वेटरला विचारा, ‘कुठल्या खाडीचे?’ तो गोंधळेल, आत जाऊन विचारून येईल. दहा टेबलांवरून हा प्रश्न गेला, की आतला माणूस पुरवठादाराला विचारेल, आणि तो पुढे गावाला. किनाऱ्यावर गेलात, तर रूम बुक करताना एसीबरोबर सांडपाणी कुठे जातं, हेही विचारा. ग्राहकाने विचारलं, की भाचेमंडळी लवकर ऐकतात!

जायचंय?

कधी : नोव्हेंबर ते मे. पावसाळ्यात शिंपल्यांच्या मांडवावर बघायला काही नसतं, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद असते.

कसं : रत्नागिरीला कोकण रेल्वे आहेच. शिरगाव, आरे-वारे, गणपतीपुळे असा किनाऱ्याचा रस्ता रिक्षा नाहीतर एसटीने करा. सिंधुदुर्गासाठी कुडाळ किंवा सावंतवाडीला उतरा.

काय बघाल : रत्नागिरीत सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचं मत्स्यालय आणि देवमाशाचा सांगाडा. भाट्याला तिथीची पाऊणपट करून ओहोटीच्या वेळी जा. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्थानिक बायकांच्या गटाने कांदळवन सफर सुरू केली, आधी फोनवर चौकशी करून निघा. सुट्टीच नाही? ऐरोलीचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र लंच टाइमच्या अंतरावर आहे.

काय खाल : शिनाण्यांचं सुकं, तिसऱ्यांची एकशिपी, कालवांचं कालवण, वर सोलकढी. शिंपले नीट शिजलेलेच घ्या. शिजवल्यावर न उघडलेली शिंपली बाजूला ठेवा.

शिकायचंय : बारावी सायन्सनंतर बी.एफ.एस्सी., मग एम.एफ.एस्सी. मासे आवडले पाहिजेत, ही अट नाही. चिखल चालला पाहिजे, ही आहे.